सगूची फुलं

"ए बाय! मोजू नगं! मोजू नगं म्हन्ते ना!"

ठकूमावशी सड्याच्या, त्या उघड्या कातळी पठाराच्या, पार टोकावरून काठी उगारून ओरडत आली. मी चिखलात गुडघे टेकून बसले होते. समोर माझी लाकडी चौकट, एक मीटर लांब, एक मीटर रुंद; चौकटीत निळी फुलं आणि माझ्या तोंडात आकडा. सत्तावन्न, अठ्ठावन्न... तिच्या ओरडण्यानं आकडा चुकला. डोक्यावर टिटव्यांनी थैमान घातलं होतं, मागं म्हशी निवांत चरत होत्या, आणि मला असा राग आला म्हणता!

"काय झालं मावशी? आता पहिल्यापासून मोजावं लागणार मला!"

"मोज की. सारा सडा मोज. तेरडा मोज, सोनकी मोज, गेंद मोज, मला काय त्याचं! पन हितली न्हाई." तिनं काठीचं टोक चौकटीच्या कडेला टेकवलं. तिथं एक चपटा जांभा दगड होता. शेंदूर नाही, काही नाही, नुसता दगड. "हितं माजी सगू हाय."

सगू तिची धाकटी लेक. चार वर्षांची असताना भादव्यात तापानं फणफणली. बापानं पाठीशी बांधली आणि भर पावसात घाट उतरायला घेतला. दवाखाना काही गाठता आला नाही, वाटेतच पोरीनं मान टाकली. तसंच परत वर आणलं. सड्यावर सगळा कातळ, माती कुठं बोटभर, कुठं वीतभर. पुरण्यापुरती माती मिळाली ती या टोकाला.

"म्होरल्या भादव्यात म्हशी घिऊन आले," मावशी म्हणाली, "तर हे सगळं निळंभोर. आदी न्हवतं हितं काय. म्या म्हनलं, आली गं माजी बाय. तवापास्नं दर साली येती. गौरीसंगं येती, घट बसलं की जाती."

पुस्तकात या फुलाला सीतेची आसवं म्हणतात. नखाएवढं फूल, सुतासारखा देठ. मावशी त्याला नुसतं 'सगू' म्हणायची.

"पण मोजलं तर काय होतं?"

"लेकराला मोजू न्हाई. दिष्ट लागती. आमी म्हशी बी मोजत न्हाई."

"मग एखादी हरवली तर कळतं कसं?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "तुज्या घरात चार मानसं. सांजचं एक आलं न्हाई, तर मोजतीस व्हय गं?"

मी हसले, चौकट उचलली. तिचं समाधान झालं. तेवढ्यात तिची गजरा नावाची म्हैस कड्याच्या बाजूला निघाली, तिला वळवायला मावशी शिव्या घालत पळाली. मी इकडंतिकडं पाहिलं, चौकट परत होती तिथं ठेवली आणि मोजलं. चारशे बारा. माझ्या सगळ्या चौकटींमध्ये हा आकडा सगळ्यात मोठा होता. वहीत तो लिहिला आणि शेजारच्या रकान्यात, जसं प्रत्येक चौकटीपुढं लिहीत होते तसं, लिहिलं : 'खुरांचे खळगे एकोणीस. नुकसान तीव्र.'

या गोष्टीला आता बत्तीस वर्षं झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. अक्कल मात्र सगूच्या वयाचीही नव्हती.

साताऱ्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्यावर आमचा हा तांबसडा. वर सपाट कातळ, कडेला कोकरे भावकीचा धनगरवाडा, सहा घरांचा. मी कराडची, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, पीएच.डी.साठी सड्यावरच्या फुलांचा अभ्यास करायला आलेली. वर राहायला जागा नव्हती, तेव्हा ठकूमावशीनं मला आपल्या घरात घेतलं. नवरा वारलेला, घरात ती आणि मुलगा बमू. पहिल्या दिवशी मी तिला 'अहो मावशी' म्हटलं, तर म्हणाली, "आहो जाहो कराया मी काय मास्तरीन हाय?" तेव्हापासून अगं-तुगं. पाऊस तिरपा यायचा, घोंगडं कधी वाळायचं नाही, आणि संध्याकाळी ती मला चुलीपाशी बसवून दह्यात नाचणीची भाकरी कुस्करून द्यायची. "खा. फुलं मोजून प्वॉट भरत न्हाई." माझी आई लहानपणीच गेली होती. हे मी मावशीला सांगितलं नव्हतं, पण तिला कसं कोण जाणे कळलं होतं.

मला फुलांचं वेड होतं, हे खोटं नाही. त्या दीड-दोन मैलांच्या कातळावर मी सत्तावीस जातींची फुलं नोंदवली होती. एकेका आठवड्याला सड्याचा रंग पालटायचा. आज पांढरा, पुढच्या सोमवारी पिवळा, मग गुलाबी. आणि त्या रंगांतून सहा घरांच्या म्हशी फतक-फतक पाय टाकत जायच्या. फुलं तोंडात, फुलं खुराखाली. माझा जीव नुसता कासावीस व्हायचा. एकदा मी रडकुंडीला येऊन गजराच्या शेपटीलाच लोंबकळले होते. मावशी पोट धरधरून हसली होती.

माझे गाइड वर्तक सर. त्यांच्या सांगण्यावरून जूनमध्येच मी सड्याच्या एका कोपऱ्यात काट्याचं कुंपण घालून घेतलं होतं. आत पाच चौकटी, बाहेर पाच. पाऊस सरताना दोन्हीकडची फुलं मोजली. कुंपणाच्या आत जवळजवळ दुप्पट! येणारच की. बाहेरची म्हशींनी खाल्ली होती, आतली कुणी खाल्ली नव्हती. एवढं साधं. पण तो आकडा बघून सरांना आनंद झाला, आणि सरांना झालेला बघून मला तर आभाळ ठेंगणं झालं.

मी धावत वाड्यावर गेले. मावशी गजराची धार काढत होती.

"मावशी, म्हशी नसल्या तर फुलं दुप्पट येतात. मी सिद्ध केलं!"

तिनं मान वर केली नाही. "किती सालाचं बगितलंस?"

"या सालचं."

"एका पावसाचं?" धार चरवीत वाजत राहिली. "आगं, म्हैस घेताना मानूस तीन वेतं बगतो. पैल्या वेताला काय, समद्याच म्हशी शाण्या असत्यात."

मी ते हसण्यावारी नेलं. वहीत लिहिलंसुद्धा नाही. तिचं म्हणणं टिपून घ्यावं असं मला वाटलंच नाही. ती मला जेवायला घालणारी बाई होती, तिच्याकडून काही शिकायचं असतं हे माझ्या डोक्यात कुठलं यायला?

सरांचा अहवाल शहरातल्या एका मंडळाकडं गेला. तांबसडा बचाव मंडळ असं त्यांनी नाव घेतलं होतं. माणसं वाईट नव्हती. मनापासून तळमळणारी होती, माझ्यासारखीच, आणि माझ्यासारखीच घाईची. त्यांनी परवानग्या मिळवल्या, तारेच्या कुंपणाची सोय केली. अडकलं होतं फक्त एका गोष्टीवर. धनगरवाड्याचा चराईचा हक्क जुना होता. सहा घरांनी आपण होऊन तो सोडल्याशिवाय तार ओढता येत नव्हती.

फाल्गुनात भैरीच्या देवळापुढं बैठक बसली. मंडळाच्या लोकांनी समजावलं : पायथ्याला घरं बांधून देऊ, पोरांना कामं देऊ. धनगर खाली मान घालून ऐकत होते. मग एकानं विचारलं, "पावसात म्हशी कुटं न्यायच्या?" पावसाळ्यात खाली सगळी भातशेती. सडा बंद म्हणजे म्हशी विकायच्या, एवढाच त्याचा अर्थ. लोक उठायला लागले.

वर्तक सरांनी माझ्याकडं पाहिलं.

मी उभी राहिले. बत्तीस वर्षं झाली, पण त्या वेळचं माझं वाक्य न् वाक्य मला पाठ आहे. मी बैठकीशी बोललेच नाही, मी फक्त मावशीशी बोलले. म्हटलं, "मावशी, तू मला सगूचा दगड दाखवलास. दर वर्षी म्हशी तिच्यावर पाय देतात. मला बघवत नाही. तुला कसं बघवतं गं?"

मावशीचा चेहरा एकदम पडला. हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं, ते मी आणून ठेवलं. तिनं पदर तोंडाशी धरला.

"म्हशी तिच्यावरनं न्हाई गेल्या, तर माजी सगू जास्त यील?" तिनं विचारलं. मला विचारलं. सरांना नाही, मंडळाच्या साहेबांना नाही.

"हो मावशी."

"खरं सांगतीस?"

"तुझी शपथ."

वाड्यातली ती सगळ्यात वडील. तिनं बमूकडं पाहिलं, बमूनं मान फिरवली. मग ती म्हणाली, "लावा तुमची तार. इकते मी म्हशी." तिच्यामागून बाकीच्या पाच घरांनीही अंगठे उठवले.

म्हशी गेल्या तो दिवस मी पाहिला. टेम्पो घाटाखाली उभा होता, तिथवर चालवत न्यायच्या होत्या. सगळ्या गेल्या, गजरा काही केल्या खाली उतरेना. ती सारखी वळून सड्याकडं तोंड करायची. शेवटी मावशी पुढं झाली, तिच्या गळ्यात हात टाकला, आणि काहीबाही बोलत, सासरी निघालेल्या लेकीला नेतात तसं तिला खाली घेऊन गेली. टेम्पोत चढवली. फळका लागला. मावशी रडली नाही. नुसता हात हुंगला आणि पदराला न पुसता तसाच धरून ठेवला.

पहिल्या वर्षी सडा असा फुलला की काय सांगू! वर्तमानपत्रांत फोटो आले. मी भादव्यात सगूच्या दगडापाशी गेले. निळाई होती. तशीच धावत पायथ्याला, मावशीच्या नव्या पत्र्याच्या घरात गेले. गुडघ्यांनी दगा दिला होता, तिला आता घाट चढवत नव्हता. ती दारातच बसली होती.

"आली का गं?" तिनं विचारलं.

"आली मावशी. खूप आली."

तिनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मग आत गेली आणि वाटीत दही घेऊन आली. दुकानचं दही. "तसं न्हाई लागायचं," म्हणाली, "पन खा."

दुसऱ्या वर्षी माझी पीएच.डी. झाली. भादव्यात वर गेले तर गवत गुडघ्याच्या वर. निळी फुलं दगडाभोवती कुठं कुठं, विरळ. मी मनाची समजूत घातली की यंदा पाऊस मागंपुढं झाला. खाली येऊन सांगितलं, "आली." मावशी माझ्या तोंडाकडं जरा जास्त वेळ बघत राहिली.

तिसऱ्या वर्षी मी जायचं टाळत होते. खरं सांगते, टाळत होते. गौरी बसल्या त्या दिवशी बमूचा निरोप आला : आईनं हट्ट धरलाय, वर न्या म्हणते, ऐकत नाही.

आम्ही पहाटे निघालो. एरवी तासाभराची वाट, तिला साडेतीन तास लागले. बमूनं अर्ध्या वाटेवर तिला पाठीवर घेतलं. ती त्याच्या पाठीवरून म्हणाली, "तुज्या बानं सगूला अशीच न्हेली व्हती." बमू थांबला नाही, पण त्याचे खांदे हलताना मला दिसले.

तारेचं फाटक उघडून आम्ही आत गेलो आणि मावशीनं विचारलं, "ह्यो कंचा सडा? आमच्या सड्यावर चला की."

हाच तो सडा होता. छातीएवढं गवत. एकच गवत, जिकडं बघाल तिकडं तेच, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेलं. तेरडा नाही, सोनकी नाही, गेंदाचं एक पांढरं टोपण नाही. आणि किती शांत होतं! पूर्वी पाऊल टाकलं की टिटव्या अंगावर यायच्या. टिटवी उघड्या कातळावर अंडी घालते. उघडा कातळच उरला नव्हता, तेव्हा त्या कधीच निघून गेल्या होत्या. मधमाशीसुद्धा नव्हती. मी त्या दिवशी मोजलं असतं तर सत्तावीसपैकी आठ-नऊ जाती मिळाल्या असत्या. चौकट मी आणलीच नव्हती.

"दगड कुटं हाय?" मावशी म्हणाली.

आम्हाला दगड सापडेना. मला सापडेना, बमूला सापडेना. ज्या दगडाच्या कडेला बसून मी चारशे बारा फुलं मोजली होती तो दगड मला सापडेना! मावशीनं चपला काढल्या, डोळे मिटले आणि पायानं चाचपडत गवतात शिरली. पाच पावलं, सात पावलं. थांबली.

"हितं हाय."

खाली बसून तिनं दोन्ही हातांनी गवत बाजूला सारलं. दगड होता. भोवती गेल्या दोन वर्षांचं कुजकं, पिवळं गवत पसरलेलं, खालच्या मातीला ऊन नाही, वारा नाही. निळं एकसुद्धा नव्हतं.

ती गवत उपटायला लागली. बोटं कापली, रक्त आलं, तरी उपटतच होती. "गुदमरली गं माजी पोर... बमू, आरं बग की, गुदमरली ती!" बमूनं तिला मागून धरलं तर तिनं त्याला झिडकारलं. मीही उपटू लागले. हात मातीला लागले, आणि हाताला काही तरी चुकल्यासारखं लागलं. माती सपाट होती.

खळगे कुठं गेले?

तिथंच, चिखलात गुडघे टेकल्या टेकल्या, मला सगळं एकदम दिसलं. 'खुरांचे खळगे एकोणीस. नुकसान तीव्र.' ही निळी फुलं त्या खळग्यांतच येत होती. म्हशीचा खूर रुतायचा, तिथं पाणी धरून राहायचं, आणि त्या ओंजळभर पाण्यात ते नखाएवढं झाड तगायचं. म्हैस गवत चरायची, म्हणून त्याच्या डोक्यावर ऊन पडायचं. म्हैस थोडी फुलं खायची, थोडी तुडवायची. पण ज्यानं सगळ्यांनाच खाल्लं असतं त्या गवताला ती दर वर्षी दाबून ठेवायची. सत्तावीस जाती तिच्या पायाखाली सुखानं नांदत होत्या. आणि सगूच्याच दगडापाशी सगळ्यात जास्त फुलं का? कारण मावशी रोज दुपारी या दगडापाशी येऊन बसायची. आणि ती बसायची म्हणून तिच्या म्हशी तिच्याभोवती रेंगाळायच्या. लेक गेल्यावर आई तिथं बसायला लागली, म्हणून पुढच्या भादव्यात ते निळं उगवलं. आदी न्हवतं हितं काय, असं तिनंच तर मला सांगितलं होतं.

मावशीचे हात थांबले होते. ती माझ्याकडं बघत होती.

"तू मोजलीस," ती म्हणाली.

मी हातातलं गवत खाली टाकलं.

"म्या न्हाई म्हनलं व्हतं. तू मोजलीस ना माजी पोर?"

"हो मावशी. तू गजराला वळवायला गेलीस तेव्हा."

"म्हून गेली."

मी तोंड उघडलं. मी शास्त्राची पदवी घेतलेली बाई, दिष्टबिष्ट मानत नाही. आता सांगायचं होतं, की मावशी, मोजल्यानं काही होत नाही, झालंय ते निराळंच. खरं तेच सांगावं, एवढं तरी तिचं देणं लागतं असं वाटलं. पण त्याआधी तीच बोलली. आवाज अगदी बारीक झाला होता.

"बाय, येक सांग मला. म्या गजराला इकली... समद्या म्हशी इकल्या... त्याचं तर काय न्हाई ना? त्यापायी तर न्हाई गेली ना सगू?"

बमू माझ्याकडं बघायला लागला. त्याला कळलं होतं. तो म्हशींच्या पायांत वाढलेला, त्याला न कळायला काय झालं? त्याच्या डोळ्यांत एवढंच होतं की नको, बोलू नको.

मी मावशीचे रक्ताळलेले हात हातांत घेतले. "नाही मावशी. तुझं काही नाही. म्हशींचा काय संबंध? तू नको म्हणत असताना मी मोजली, म्हणून गेली. सगळा दोष माझा."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग हात सोडवून घेतले. "जा बाय," म्हणाली. "माज्या दारात परत येऊ नगं."

मी गेले नाही. पौषात ती वारली, तेव्हा बमूनं कळवलं. तेव्हा गेले. दारातूनच पाया पडून परत आले.

मी तिच्याशी शेवटचं बोलले ते खोटं बोलले, असं कित्येक वर्षं मला वाटायचं. आता इतकं नक्की सांगता येत नाही. मी मोजलं नसतं तर आकडा नसता, आकडा नसता तर अहवाल नसता, बैठक नसती, तार नसती, आणि गजरा तिथंच पाय रुतवत उभी असती. मोजल्यामुळं गेली, यात खोटं काय आहे?

पुढं आठ वर्षांचे आकडे गोळा करून मीच लिहिलं की तार काढा, गुरं परत येऊ द्या. वर्तक सरांनी बोलणं सोडलं, मंडळानं मला वेडी ठरवलं, पण तार निघाली. फाटक उघडलं आणि आत यायला कुणी नव्हतं. सहा घरांपैकी म्हशी एकाकडंही उरल्या नव्हत्या. पोरं नोकऱ्यांना लागली होती. म्हैस तरी कुठून आणायची? आणि आणलीच, तरी तिच्यामागं दिवसभर सड्यावर बसणारी ठकूमावशी कुठून आणायची?

आता मीच जाते. दर वर्षी आषाढात विळा घेऊन एकटी चढते, सगूच्या दगडाभोवतालचं गवत कापते, कापलेलं लांब नेऊन टाकते. मग चपला काढून टाचा रुतवत त्या दगडाभोवती फिरते. साठीकडं झुकलेली बाई चिखलात पाय आपटत फिरताना बघून वर फोटो काढायला आलेली पोरं हसतात. हसू देत. माझं वजन म्हशीएवढं नाही, खळगा उथळच पडतो. एकोणीस वर्षं काही म्हणता काही आलं नाही.

गेल्या भादव्यात, गौरी आल्या त्या दिवशी, दोन-तीन खळग्यांत निळं दिसलं.

मी दगडापाशी बसले. मावशी बसायची त्या अंगाला. "मावशी, आली गं," असं मोठ्यानं म्हटलं आणि मला रडू फुटलं. हे ऐकायला ती हवी होती, दुसरं कुणीही नको होतं. मग सवयीनं वही काढली, तारीख घातली, चौकट क्रमांक एक, जागा सगूचा दगड.

किती, त्या रकान्यात मी काही लिहिलेलं नाही.